छत्रपती शाहू : कैदेतले ऋण

साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचे चरित्र वाचताना एका प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ते खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीच्या दर्शनास गेले. ज्या बादशहाने १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा हालहाल करून वध केला, त्याच्या कबरीपुढे त्यांच्याच पुत्राने आदराने उभे राहावे, हे कसे?

त्याच १६८९ साली रायगड पडला, तेव्हा शाहू अवघे सात वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते शत्रूच्या छावणीत गेले आणि तेथेच त्यांचे बालपण व तारुण्य सरले. बादशहाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. त्याची कन्या झीनतुन्निसा हिने माया लावली. ज्या हाती प्राण घेण्याची सत्ता, त्याच हातून रोजचा घास मिळत होता.

१९७३ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे एका दरोडेखोराने बँकेतील चौघांना ओलीस धरले. सहा दिवसांनी सुटका झाली, तरी त्यांना त्याच्याविषयी आपुलकीच वाटत होती. तेव्हापासून या वृत्तीला त्या शहराचे नाव मिळाले. मारू शकणारा मारत नाही, एवढ्यानेच तो भयग्रस्त मनाला उपकारकर्ता वाटू लागतो. मग अठरा वर्षे त्याच छायेत वाढलेल्या मुलाचे काय सांगावे?

पण शाहूंना हे नाव चिकटवून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. ते सुटले, तरी येसूबाई १७१९ पर्यंत मोगलांकडे ओलीस होत्या. मुलाच्या मवाळपणात आईची काळजी किती आणि कृतज्ञता किती, याची वाटणी कोण करणार? शिवाय १७०८ मध्ये राज्याभिषेक झालेल्या याच राजाने पुढे बादशहाकडून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या. १७३७ मध्ये त्यांचा पेशवा बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला.

म्हणजे ऋण त्यांनी माणसाचे मानले. राज्य मात्र त्याच्या पायाशी वाहिले नाही. १७४९ मध्ये ते निवर्तले. ओलिसाच्या ममतेला आपण चटकन फितुरी म्हणतो; परंतु त्याची परीक्षा कैदेतल्या भावनेवरून नव्हे, सुटकेनंतरच्या करणीवरून व्हावी, असे माझे नम्र मत आहे.