हार्वर्डचे चार्ल्स एलियट

दहावीनंतर मी कॉमर्सला आलो तो काही विचार करून नव्हे. सायन्सला गुण कमी, आर्ट्सला नोकरी नाही, असे घरी ठरले आणि मी फॉर्म भरला. पुढे ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मित्राने घेतला तोच मीही घेतला. विद्यार्थ्याने आपला विषय आपणच निवडावा म्हणून कुणी चाळीस वर्षे झटले असेल, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते. ते गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट.

एलियट यांचा जन्म २० मार्च १८३४ रोजी बोस्टन येथे एका सधन घराण्यात झाला. वडील शहराचे महापौर होते. चेहऱ्यावरील मोठ्या जन्मखुणेमुळे लहानपणी सोबत्यांची चेष्टा त्यांना सोसावी लागली. १८४९ साली ते हार्वर्डमध्ये दाखल झाले. त्या काळी लॅटिन, ग्रीक व गणित सर्वांना सक्तीचे असे. मुलांनी पाठ घोकून यावे, अध्यापकाने एकेकाला उभे करून तो म्हणवून घ्यावा व गुण टाकावेत, ही शिकवण्याची रीत! मात्र रसायनशास्त्राचे प्राध्यापक कुक यांनी एलियट यांना आपल्या प्रयोगशाळेत काम करू दिले. हाताने करून शिकण्यातला आनंद त्यांना तेथेच गवसला.

पदवीनंतर ते हार्वर्डमध्येच शिकवू लागले. तोंडी परीक्षेऐवजी त्यांनी गणितात लेखी परीक्षा आणली. १८५७ च्या मंदीत वडिलांची संपत्ती बुडाली. पुढे १८६३ साली, जी प्राध्यापकाची जागा आपल्याला मिळावी अशी त्यांची इच्छा होती, ती दुसऱ्यास मिळाली. एलियट खचले नाहीत. युरोपात जाऊन त्यांनी फ्रान्स व जर्मनीतील शिक्षणसंस्था बारकाईने पाहिल्या. तेथे असतानाच १८६५ साली लॉवेल येथील एका कापडगिरणीने भरघोस पगाराची व्यवस्थापकाची जागा देऊ केली. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा सौदा सोडणे वेडेपणाचे वाटेल. त्यांनी तो सोडला आणि बोस्टनच्या नव्या तंत्रसंस्थेत अध्यापकी पत्करली.

१८६९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी पत्नीचा मृत्यू झाला होता. दुःख गिळून ते कामाला लागले. त्यांनी सक्तीचे विषय एकदम उडवले नाहीत. १८७२ साली शेवटच्या वर्षाची सक्ती गेली, १८७९ साली तिसऱ्या वर्षाची, १८८४ साली दुसऱ्या वर्षाची. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचे जवळजवळ काहीच उरले नाही. निवडीसाठी विषय हवेत, म्हणून नवे प्राध्यापक आले, आणि घोकंपट्टीची जागा व्याख्याने व प्रयोग यांनी घेतली. १८८६ साली प्रार्थनेची सक्तीही उठली. १९०८ साली त्यांच्याच कारकिर्दीत हार्वर्डचे प्रसिद्ध व्यवसाय-विद्यालय सुरू झाले.

टीका पुष्कळ झाली, आणि सारीच खोटी नव्हती. कित्येक मुले सोपे विषय शोधून वेळ मारून नेत. १९०९ साली एलियट निवृत्त झाल्यावर त्यांचे उत्तराधिकारी लॉवेल यांनी, एका विषयाचा सखोल अभ्यास व इतर शाखांचीही थोडी ओळख, असे बंधन घातले. शिवाय स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने एकाच वर्गात शिकावे, हे एलियट यांना कधी पटले नाही. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ताही आपल्या काळाच्या कुंपणात अडकतो तो असा.

२२ ऑगस्ट १९२६ रोजी, ब्याण्णव वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून एलियट निवर्तले.

त्यांचे चरित्र वाचून मला माझीच लाज वाटली. मला जे स्वातंत्र्य आयते मिळाले ते मी मित्राच्या फॉर्मवरून उतरवून काढले. विद्यापीठ दार उघडून देईल. आत कोणत्या वाटेने जायचे, याचा विचार मात्र ज्याचा त्यानेच करायला हवा. पुढच्या वर्षी फॉर्म भरण्याआधी मी चार दिवस ग्रंथालयात बसणार आहे.