नगरच्या फरारबाई

आपली मुले शिकून अमेरिकेला जातात, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी एक अमेरिकन शिक्षिका मात्र उलट्या वाटेने इकडे आली, मुलींना शिकवायला.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशायरमधला. १८२७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ही अविवाहित बाई शिडाच्या जहाजाने मुंबईस उतरली. मुलीच्या हाती पाटी दिली तर घरावर अरिष्ट येते, अशी समजूत असलेला तो काळ. प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. पण १८३९ मध्ये त्या परतल्या, त्या अहमदनगरला.

त्या मिशनच्या बाई. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि घेतले ते शिक्षण. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे गिरवले.

१८६२ मध्ये बाईंनी नगरलाच देह ठेवला. ठेव एकाची आणि व्याज साऱ्या मुलखाला, असे बँकेत कधी घडत नाही. सिल्लोडच्या रस्त्याने सकाळी दप्तर घेऊन निघालेल्या आपल्या लेकी पाहिल्या, की ते घडलेले दिसते.