विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही? डायक्स्ट्रांचा ‘सिग्नल’ काय सांगतो?

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा स्थानक चांदा फोर्ट–गोंदिया रेल्वेमार्गावर आहे. एकेरी रुळावर पुढचा टप्पा रिकामा नसेल, तर गाडीला सिग्नल मिळत नाही. हाच नियम संगणकाला शिकवला एड्सखर डायक्स्ट्रा यांनी.

कोण होते डायक्स्ट्रा?

जन्म ११ मे १९३०, नेदरलँड्समधील रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. १९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर होते. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय सांगितला. पण असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला. अखेर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली. त्याआधीच, १९५६ मध्ये, एका कॅफेत बसून त्यांनी सुमारे २० मिनिटांत सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची पद्धत मांडली होती.

सिग्नलची कल्पना काय?

संगणकात एकाच वेळी अनेक कामे चालतात. दोघांनी एकाच जागेत एकदम लिहिले, तर नोंदी मिसळतात. दोन कामांपुरता तोडगा डेकर यांनी काढला होता. डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये तो कितीही कामांसाठी मांडला. ‘सेमाफोर’ही त्यांनीच आणला. हे नाव रेल्वे सिग्नलचे. जागा रिकामी असेल तरच आत जायचे, काम झाले की ती मोकळी करायची.

पासवर्डशी संबंध काय?

समजा, तेंदूपत्त्याची मजुरी जमा झाली का, हे पाहायला शेकडो जणांनी एकदम अ‍ॅप उघडले. अ‍ॅपमागचा प्रोग्राम अनेक ‘थ्रेड’ चालवून क्लायंट लायब्ररीमार्फत डेटाबेसशी जोडणी करतो. प्रत्येक जोडणीआधी प्रोग्रामचा पासवर्ड सांकेतिक रूपात पाठवावा लागतो. पूर्वी ‘पोस्टग्रेस’ची लायब्ररी त्यासाठी ‘क्रिप्ट’ हे फंक्शनही वापरत असे. अनेक संगणकांवर ते आपले उत्तर एकाच सामाईक जागेत ठेवते. पहिल्या थ्रेडने उत्तर उचलण्याआधी दुसऱ्याने तिथे आपले लिहिले, तर पहिल्याकडून चुकीचे उत्तर जाते. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. ही चूक गर्दीतच आणि अधूनमधूनच होते, म्हणून चाचणीत सहज सापडत नाही.

मग उपाय?

एक तर सामाईक जागेवर कुलूप लावून एका वेळी एकालाच सोडायचे. नाहीतर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र जागा द्यायची. ‘पोस्टग्रेस’ने ‘क्रिप्ट’ऐवजी ‘एमडी५’ वापरण्याचा सल्ला दिला आणि २००९ च्या ८.४ आवृत्तीत ‘क्रिप्ट’ पद्धतच काढून टाकली. तीच जोडणी दोन थ्रेडनी एकदम वापरू नये, हा नियम मात्र आजही पाळावा लागतो.

पुढे काय झाले?

डायक्स्ट्रा यांना १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेतील ऑस्टिनला प्राध्यापक होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. चाचणीत चूक दिसली नाही म्हणजे चूक नाही, असे मानू नये, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत कायम होता.