आयक्यू कमी म्हणजे सगळं संपलं? मुलांची 'सामाजिक समज' मोजणारे एडगर डॉल

एखाद्या मुलाचा आयक्यू कमी आला, की त्याचं पुढचं आयुष्य ठरलं, असं मानण्याचा एक काळ होता. पण ते मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, बटणं लावतं का, एकटं शेजारी जाऊन येतं का? बुद्धिमत्ता चाचणीतून हे कळत नव्हतं. ते मोजण्याची पद्धत तयार केली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांनी.

डॉल यांचा जन्म १८८९ चा, क्लीव्हलँडचा. शिक्षणानंतर ते न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलमध्ये आले. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांची ही संस्था. इथले संशोधन प्रमुख होते हेन्री गोडार्ड. बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी अमेरिकेत रुजवणारे गोडार्ड मतिमंदत्व आनुवंशिक असतं आणि अशा माणसांना समाजापासून वेगळं ठेवावं, या मताचे होते. डॉल त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९२५ मध्ये डॉल स्वतः संशोधन संचालक झाले. सारखाच आयक्यू असलेली दोन माणसं रोजच्या जगण्यात सारखी नसतात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९३५ मध्ये आली 'व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल'.

यात मुलाची परीक्षा घेतच नाहीत. प्रश्न विचारतात ते त्याला जवळून ओळखणाऱ्याला, म्हणजे बहुतेकदा आईला. मूल काय करू शकेल यापेक्षा ते रोज काय करतं, याला गुण मिळतात. त्यातून 'सामाजिक वय' निघतं. त्याला खऱ्या वयाने भागून १०० ने गुणलं, की सामाजिक गुणांक मिळतो. दहा वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय आठ असेल, तर गुणांक ८०.

डॉल यांनाही काळाच्या मर्यादा होत्या. मतिमंदत्व मुळात बरं होत नाही, हे त्यांच्या १९४१ च्या व्याख्येतच होतं. १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या चाचणीचं भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी नागपुरात तयार केलं. त्यात ८९ मुद्दे आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनुसार बौद्धिक अक्षमतेचं प्रमाण ठरवतानाही हीच मोजणी आली. म्हणजे प्रमाणपत्रासाठी आलेल्या आईला आपलं मूल घरी काय काय करतं हे विचारलं जातं, त्याचं मूळ व्हाइनलँडमध्ये आहे.