डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

दोन राष्ट्रांचें सख्य केवळ तहनाम्यांनीं जुळतें असें नाहीं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें चरित्र पाहा.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास झाला. वैद्यकीचें शिक्षण मुंबईस झालें. जपानच्या स्वारीनें चीन होरपळत असतां राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडिलें. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि २७ वर्षांचे कोटणीसही होते.

पुढें कांहीं सहकारी स्वदेशीं परतले. कोटणीस मात्र रणक्षेत्रींच राहिले. ते चिनी भाषा शिकले व तिच्यांतूनच विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवूं लागले. १९४१ सालीं, कॅनडाचे दिवंगत डॉ. बेथ्यून यांच्या नांवें चाललेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षीं क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. मुलाचें नांव इनह्वा ठेविलें. ‘इन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

अविश्रांत श्रमांत अपस्माराचा विकार बळावला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

१९६२ सालीं उभय देशांत युद्ध झालें; तरी शिच्याच्वांग येथील त्यांची समाधि चिनी लोकांनीं जपिली. परक्याची भाषा आपलीशी करून त्याचें दुःख हलकें करणें, हीच कोटणिसांची वकिली होती. मुलांनो, परभाषेचा धडा गिरवितांना त्यांचें स्मरण ठेवा.