संसाराचा हिशेब राखणारी माता रमाई

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण मातोश्री रमाईंची जयंती साजरी करतो. व्याख्याने होतात, गाणी होतात. रमाईंचा त्याग सांगता सांगता वक्त्याचा कंठ दाटतो, श्रोत्यांचेही डोळे भरून येतात. हे अश्रू खोटे नाहीत. पण रमाईंचा संसार चालला तो पै-पैच्या हिशेबावर. तो हिशेब आपण समजून घेतला पाहिजे.

रमाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईस आणले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, भीमरावांशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्या अजून लहान मुलगीच होत्या. हमालाच्या घरात जन्मलेल्या या मुलीला पैशाची किंमत कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अमेरिकेस गेले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची. त्यात परदेशातला अभ्यास आणि मुंबईतले घर ही दोन्ही ओझी ओढायची होती. बाबासाहेब १९१७ साली परतले. पुढे सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. आता तरी घरात सुबत्ता यावी असे कोणासही वाटेल. पण तसे झाले नाही. लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. म्हणून परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या सुटल्या नाहीत. ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती येई. बाकीची शिल्लक टाकली जाई.

त्या ठरावीक रकमेची व्यवस्था रमाई कशी लावीत, याची एक आठवण सांगितली जाते. महिन्याचे पैसे हाती आले की त्या त्यांच्या तीस पुड्या बांधीत. रोज एकच पुडी सोडायची. थोडी रक्कम मात्र पुड्यांबाहेर ठेवायची, आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने असे आपले अंदाजपत्रक तयार केले होते. पुढे बाबासाहेबांच्या आग्रहाने त्या लिहाय-वाचायला शिकल्या. परंतु हिशेब त्यांना आधीच येत होता.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपण जाणतो. मिळकतीचे चार वाटे करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. रमाईंच्या कानी हे सुत्त गेले असण्याचा संभव कमीच. तरी बाजूला ठेवलेली ती रक्कम म्हणजे हाच चौथा वाटा नव्हे काय?

१९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले. हा काळ फार कठीण. घरात विधवा जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आपला यशवंत. पुड्या बांधायला पैसाच पुरेना, तेव्हा अंगावरचे दागिने मोडावे लागले. बॅरिस्टर व्हायला गेलेल्याची बायको शेण वेचते असे कोणी म्हणू नये म्हणून त्या आडवेळी बाहेर पडून शेण गोळा करीत आणि गोवऱ्या थापीत, अशी आठवण आपल्या वस्त्यांतून आजही सांगतात. तिकडे लंडनमध्ये बाबासाहेबही अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसत होते. काटकसर दोन्हीकडे होती, आणि दोघांचे लक्ष्य एकच होते.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हेही रमाईंनी दाखवून दिले. धारवाडच्या वसतिगृहातली मुले धान्यावाचून उपाशी आहेत हे कळताच त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण आहे. स्वतःच्या घरात दमडी मोजणारी ही माता दुसऱ्याच्या भुकेपुढे मोजदाद करीत बसली नाही.

परंतु बंधूंनो आणि भगिनींनो, या हिशेबाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. रमाईंना पाच मुले झाली. त्यांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ साली राजरत्न, अशी चार लेकरे गेली. खुद्द रमाईंची प्रकृती झिजत गेली. दादरला राजगृह उभे राहिले, मोकळ्या खोल्या मिळाल्या. पण त्या घरात त्यांना फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांनी देह ठेवला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा पाच महिनेही उरले नव्हते. कितीही कसोशीने पुड्या बांधल्या तरी गरिबी आपली किंमत वसूल करतेच. म्हणून दारिद्र्याचे गोडवे गाऊ नयेत. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

आपल्या कित्येक घरांत सुनेला सांगतात, रमाईसारखी हो. सांगणारा कधीकधी अर्धा पगार गुत्त्यावर ठेवून आलेला असतो! त्याने हे नाव उच्चारू नये. रमाईंनी वाचविलेला पैसा ग्रंथांत गेला, अभ्यासात गेला, आणि त्या अभ्यासातून कोट्यवधींची मुक्ती उभी राहिली. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. तिचे शील, तिचे मोठे मन आणि आपल्याबरोबर दुःख सोसण्याची तिची तयारी त्यांनी तेथे कृतज्ञतेने नोंदविली. तो हिशेब त्यांनी आपल्या परीने चुकता केला.

आपणही रमाईंच्या प्रतिमेला हार घालावा. पण त्याच संध्याकाळी पती-पत्नींनी एकत्र बसून घरखर्चाची वही उघडावी. पहिली पुडी मुलांच्या पुस्तकांची, दुसरी औषधपाण्याची बांधावी. घरातल्या बाईचे ताट सगळ्यांत शेवटी आणि अर्धे राहू नये, हेही त्याच वहीत पाहावे. मातोश्री रमाईंना हेच खरे अभिवादन होईल.