ज्युपिटर फिरवणारा मुलगा

बर्नार्डचा तारा आपण क्विझमध्ये ऐकलेला असतो. पृथ्वीपासून सुमारे ६ प्रकाशवर्षांवरचा, आकाशात सगळ्यात भरभर सरकणारा तारा. १९१६ साली त्याचा हा वेग ज्याने ओळखला, तो एडवर्ड इमर्सन बर्नार्ड कोण होता, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी जरा अडखळेल. पण हा माणूस हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, म्हणून हा खटाटोप.

बर्नार्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ चा, अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावातला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. घरात कमालीची गरिबी, त्यात यादवी युद्ध. शाळा म्हणाल तर जेमतेम दोन महिने. बाकी लिहा-वाचायला आईनेच शिकवलं. नऊ वर्षांचा असताना तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. निगेटिव्ह मोठी करायची तर सूर्यप्रकाशच वापरावा लागे. त्यासाठी स्टुडिओच्या गच्चीवर एक अवाढव्य यंत्र होतं, नाव ज्युपिटर. हाताने चाकं फिरवत ते दिवसभर सूर्याच्या रोखाने ठेवायचं, एवढंच काम. आधीची पोरं म्हणे उन्हात झोपून जायची. हा झोपला नाही. उलट, चर्चची बाराची घंटा आणि सूर्याची जागा रोज जुळत नाही, हेही त्याने स्वतःच्या स्वतः हेरलं.

या स्टुडिओत तो सुमारे सतरा वर्षं राहिला. भिंगं, काचेच्या प्लेट, डेव्हलपिंग, सगळं हाताखालून गेलं. एकाने उसने घेतलेल्या दोन डॉलरबद्दल तारण म्हणून खगोलशास्त्राचं पुस्तक ठेवलं, आणि त्यातल्या नकाशावरून त्याला पहिल्यांदा ताऱ्यांची नावं कळली. मग पठ्ठ्याने ३८० डॉलरची ५ इंची दुर्बीण घेतली. पगाराच्या हिशोबात ही रक्कम वर्षाच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त! १८७७ साली नॅशव्हिलला शास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे सायमन न्यूकम या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने त्याला आधी गणित शिकायला सांगितलं. बर्नार्डला रडू कोसळलं, पण तो गणित शिकायला बसला. त्या काळी नवा धूमकेतू शोधला की २०० डॉलरचं बक्षीस मिळे. त्याने इतके धूमकेतू शोधले की त्या पैशांतून घराचे हप्ते फिटले. पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि १८८८ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत रुजू झाला.

लिकमध्ये तेव्हाची जगातली सर्वात मोठी भिंगाची दुर्बीण होती, ३६ इंची. पण नवख्या माणसाला ती कोण देणार? बर्नार्डने हाताशी घेतलं ६ इंची विलार्ड भिंग. हे माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टुडिओतून आलेलं जुनं भिंग. फोकल लेंग्थ ३१ इंच.

इथे खरी गंमत फोकसची आहे. आपला डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला जास्त जागा असतो, तर त्या वेळच्या प्लेट निळ्या-जांभळ्या प्रकाशाला. भिंग हे रंग वेगवेगळ्या अंतरावर एकत्र आणतं. म्हणजे डोळ्याला जे काटेकोर दिसलं, ते प्लेटवर फुसकं! उपाय एकच. नळी जराशी सरकवा, प्लेट काढा, धुवा, भिंगाखाली तपासा, पुन्हा सरकवा. हिशोब करून बघा. भिंगाचं गुणोत्तर साधारण एफ/५, म्हणजे प्लेट अर्धा मिलिमीटर चुकली तर ताऱ्याचा ठिपका ०.१ मिलिमीटरचा होतो. त्या प्लेटवर अख्खा चंद्रच ७ मिलिमीटरचा! थंडीने नळी आकसली तरी फोकस हलतो.

आपल्या ॲस्ट्रो क्लबच्या छोट्या परावर्ती दुर्बिणीचं दुखणं वेगळं आहे. डीएसएलआरचा सेन्सर बॉडीच्या तोंडापासून साडेचार सेंटीमीटर आत असतो, आणि फोकसरची नळी तेवढी आत जातच नाही. मग आरसा पुढे सरकवा, नाहीतर बार्लो लावून फोकस बाहेर ढकला. त्यानंतर ठळक तारा स्क्रीनवर मोठा करायचा, समोर पुठ्ठ्याचा बाख्तिनोव मास्क धरायचा आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की स्क्रू आवळायचा. पाच मिनिटांचं काम. बर्नार्डला यात रात्री घालवाव्या लागत.

फोकस झाला तरी तारे सरकतच असतात. एका जोडदुर्बिणीत डोळा लावून, एकच तारा तारेच्या फुलीवर धरून, तो तासन् तास हाताने यंत्र सावरत बसे. ज्युपिटरच फिरवणं, फक्त रात्री! १८८९ च्या उन्हाळ्यात त्याने आकाशगंगेचे ढग प्लेटवर आणले. त्याच वर्षी १ जानेवारीच्या खग्रास ग्रहणात लहानशा भिंगाने काढलेले त्याचे प्रभामंडळाचे फोटो उत्तम ठरले होते. ऑक्टोबर १८९२ मध्ये फोटोवरून धूमकेतू शोधणारा तो पहिला ठरला. हा धूमकेतू नंतर हरवला आणि २००८ मध्ये पुन्हा सापडला. त्याआधी महिनाभर, ९ सप्टेंबरला, अखेर हाती आलेल्या ३६ इंची दुर्बिणीतून त्याने गुरूचा पाचवा उपग्रह पाहिला. गॅलिलिओच्या १६१० नंतरचा पहिला!

१८९५ मध्ये तो यर्किस वेधशाळेत गेला. तिथे १० इंची ब्रूस दुर्बिणीने त्याने आकाशगंगेतल्या काळ्या जागा टिपल्या. आधी त्याला त्या ताऱ्यांमधली भोकं वाटायची. प्लेट जमत गेल्या तसं त्याचं मत बदललं. ती भोकं नव्हती, मागचा उजेड अडवणारे ढग होते. १९१९ मध्ये त्याने १८२ काळ्या जागांची यादी छापली. फोटोंच्या ॲटलासची प्रत अन् प्रत, ३५,७०० प्रिंट, तो स्वतः तपासत असे. ६ फेब्रुवारी १९२३ ला तो गेला. ॲटलास १९२७ मध्ये निघाला.

मित्रांनो, फोटो अंधुक आला की आपण लगेच मोठ्या दुर्बिणीचं कोटेशन मागवतो. बर्नार्डची आकाशगंगा ६ इंचांत मावली, कारण नवव्या वर्षी गच्चीवर उन्हात उभं राहून त्याने एक गोष्ट पक्की केली होती. जे पाहायचं आहे त्यावरून हात आणि नजर ढळू द्यायची नाही.